परदेशी पाहुण्यांसमोर हिंदी फिल्मी गाणी: निवड, पट्टी आणि पीस

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या एका कॉलेजात परदेशी विद्यार्थी आणि पाहुणे जमणार आहेत. उझबेकिस्तान, इंडोनेशिया, उत्तर नायजेरिया आणि थोडे युरोपातले. तिथल्या हौशी वाद्यवृंदाला ५० मिनिटं मिळाली आहेत. ताफ्यात दोन कीबोर्ड, गिटार, बास, दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, हार्मोनियम, ढोलकी, तबला, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि एक गायक, एक गायिका आहे. ज्यांना हिंदी कळत नाही त्यांच्यापुढे कोणती गाणी घ्यावीत, आणि कशी बसवावीत?

पहिली गोष्ट, शब्दांची काळजी सोडा आणि पिसांची, म्हणजे गाण्यातल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यांची, करा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राला वाईट खोड आहे: वेळ कमी पडला की सुरुवातीचं म्युझिक अर्ध्यावर आणायचं, मधले पीस गाळायचे आणि गायकाला लवकर उभं करायचं. घरच्या श्रोत्यांपुढे हे खपतं, कारण त्यांना शब्द पाठ असतात. बाहेरच्या माणसाच्या कानात मात्र नेमका तो गाळलेला भागच बसलेला असतो.

ही गाणी बाहेर गेली कशी ते बघितलं की मुद्दा कळतो. एक वाट चालीची. १९५१ चा ‘आवारा’ सोव्हिएत संघात १९५४ साली लागला आणि सहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्यातलं शीर्षकगीत तिथं लोकांच्या तोंडी बसलं. ग्रीसमध्ये त्याच चित्रपटातल्या ‘आ जाओ तड़पते हैं अरमाँ’च्या चालीवर स्टेलियोस कझांझिडिसनं १९५९ साली ‘मांडुबाला’ गायलं. मधुबालाचं नाव तेवढं राहिलं, शब्द सगळे ग्रीक. नायजेरियाच्या कानोसारख्या हौसा भागात हिंदी चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या चालले. तिथले बंदिरी म्हणजे डफासारखं वाद्य घेऊन गाणारे सूफी गायक हिंदी चालींवर पैगंबरांची स्तुती बांधतात. चाल आपली, शब्द त्यांचे.

दुसरी वाट तुकड्यांची. ब्रिटनी स्पीयर्सच्या ‘टॉक्सिक’मधली ती उंच सप्तकातली व्हायोलिनची सळसळ म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘तेरे मेरे बीच में’ (‘एक दूजे के लिए’, १९८१) मधले पीस. लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज तिथं गेलाच नाही, गेली ती व्हायोलिन्स. ब्लॅक आइड पीजनं २००५ साली कल्याणजी-आनंदजींच्या ‘ये मेरा दिल’ (‘डॉन’, १९७८) आणि ‘ऐ नौजवाँ’ (‘अपराध’, १९७२) या दोन गाण्यांतला माल घेऊन एक गाणं केलं. म्हणजे जगभर कुणीतरी अ‍ॅरेंजरची आठ-आठ बारची मेहनत ऐकतंय, आणि आपण तीच कापतोय.

आता निवड. ५० मिनिटांत दहा गाणी बसतात. चार मिनिटांचं एक धरलं की ४० मिनिटं, दहा निवेदनं प्रत्येकी ४० सेकंदांची म्हणजे पावणेसात मिनिटं, उरलेली तीन मिनिटं सुरुवातीच्या छोट्या वादनाला, केबल, माइक आणि टाळ्यांना. चार मिनिटांत बसवायला काहीतरी कापावं लागणारच, ते अंतऱ्यात कापा. एकच अंतरा ठेवा. पण सुरुवातीचं म्युझिक पूर्ण, पहिला मधला पीस पूर्ण.

उघडायला गाणं नको, ‘नागिन’ची (१९५४) बीन घ्या. ती मूळची बीन नव्हेच, क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवलेली, सोबत रवींची हार्मोनियम. कीबोर्डवर ती बरी निघते. पण कीबोर्ड मोनो मोडवर टाका, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल. पॉलीवर ठेवलात तर एक सूर सुटायच्या आत दुसरा वाजतो, दोन्ही एकमेकांवर चढतात आणि घसरगुंडी जाते. पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) अगदी थोडा, पिच बेंड वर-खाली दोन अर्धस्वरांइतकाच. दीड मिनिटात आटपा. तेवढ्यात साउंडवाल्याला वाद्यांच्या लेव्हल लावायला वेळ मिळतो, म्हणून कुठलंही महत्त्वाचं गाणं पहिलं ठेवायचं नाही.

दुसरं ‘कुछ कुछ होता है’ (१९९८). हा चित्रपट इंडोनेशियात तुफान चालला होता. तिसरं ‘आवारा हूँ’. ‘मेरा जूता है जापानी’ (‘श्री ४२०’, १९५५) त्याला लागून घेऊ नका. दोन्ही मुकेशची, दोन्ही शंकर-जयकिशनची, दोन्ही भैरवीच्या अंगाची. दुसरं गाणं पहिल्याचं शेपूट वाटतं. मध्ये ‘तेरे मेरे बीच में’ आणि ‘ये मेरा दिल’ टाका. ‘ये मेरा दिल’ला निवेदकाला फार शोधाशोध करावी लागणार नाही: आशा भोसले १९३३ साली सांगलीतच जन्मल्या, आणि कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडनं त्यांच्यावर केलेलं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ १९९८ साली रिमिक्स होऊन इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. युरोपातल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते सावरून बसतात. ‘जान पहचान हो’ (‘गुमनाम’, १९६५) त्यांच्यासाठीच, कारण ते २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या सुरुवातीलाच वाजतं. गिटारवाल्याचा हात तयार नसेल तर मात्र ते घेऊच नका, रफींची चाल त्या वेगात कुणालाही उघडी पाडते.

हौसा भागातल्या पाहुण्यांसाठी नौशाद यांच्या ‘मदर इंडिया’तलं (१९५७) एखादं गाणं घ्या. हा चित्रपट तिथं कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला. शेवटच्या तिघांत ‘जिमी जिमी’ (‘डिस्को डान्सर’, १९८२), ‘छैया छैया’ (१९९८) आणि ‘जय हो’. ‘जिमी’ आधी घेतलंत तर उझबेक मंडळी उठून नाचायला लागतील आणि पुन्हा खुर्चीवर बसणार नाहीत; सोव्हिएत काळात हा चित्रपट तिकडे अफाट चालला. गंमत म्हणजे ती चाल बप्पी लाहिरींनी ओटावान या फ्रेंच जोडीच्या गाण्यावरून उचललेली. पॅरिसची चाल मुंबईमार्गे ताश्कंदला पोचली. कुणीतरी ‘नाटू नाटू’ची फर्माईश करेल. ते तेलुगू आहे, २०२३ चं ऑस्कर त्या तेलुगू गाण्याला मिळालं. ‘जय हो’चं २००९ चं. निवेदकाला दोन्ही एकाच पिशवीत घालू देऊ नका.

पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज कीबोर्डच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. इथं वाद्यवृंद सगळ्यात जास्त फसतो. गिटारवाल्याला पांढरी दोन (डी), पांढरी तीन (ई), पांढरी सहा (ए) आवडतात, कारण मोकळ्या तारा मिळतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट दोन्ही बी फ्लॅटची वाद्यं, म्हणजे वाजवणारा लिहिलेला सूर एक पूर्ण स्वर वर धरतो. तुम्ही पांढरी तीन म्हणालात की त्याच्या कागदावर सहा शार्प येतात, पांढरी सहाला पाच, पांढरी दोनला चार. हौशी वादक तिथं चुकणारच, आणि चूक सुरात ऐकू येते, लयीत नाही, म्हणून झाकली जात नाही.

त्यामुळे सगळा कार्यक्रम चार पट्ट्यांत बसवा: पांढरी एक (सी), पांढरी चार (एफ), काळी दोन (ई फ्लॅट) आणि काळी पाच (बी फ्लॅट). फुंकवाद्यांना चारही सोप्या. गिटारवाल्याला कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) द्या: पांढरी चारला पहिल्या पडद्यावर कॅपो लावून ई चे शेप, काळी पाचला पहिल्यावरच ए चे, काळी दोनला डी चे. पांढरी एकला कॅपोची गरज नाही. मुकेशची गाणी पांढरी एक किंवा काळी पाचमध्ये बहुतेक पुरुषांना पेलतात, गायिकेला बहुतेक गाणी काळी पाचमध्ये. युगुलगीतासाठी गायिकेच्या तार षड्जाकडे बघून पट्टी ठरवा, गायकाच्या नाही. तो खालच्या सप्तकात निभावून नेईल.

या चार पट्ट्यांचा आणखी एक फायदा तबल्याला. पांढरी एकमध्ये मिळवलेला दायाँ (जोडीतला उजव्या हाताचा तबला) पांढरी एकच्या गाण्यांना षड्ज देतो आणि पांढरी चारच्या गाण्यांना पंचम. काळी पाचमधला दायाँ काळी पाचला षड्ज, काळी दोनला पंचम. म्हणजे फक्त दोन दायाँ, काळी पाचचा थोड्या मोठ्या तोंडाचा. मध्येच हातोडी घेऊन ठोकत बसायचं नाही. गाण्यांचा क्रम पक्का झाला की प्रत्येक गाण्यापुढे पट्टी आणि दायाँ कोणता हे एकाच कागदावर लिहून तो तबलजीच्या पायाशी चिकटवा.

रेकॉर्डवरून गाणं उतरवताना जुन्या गाण्यांचा सूर दोन पट्ट्यांच्या अधेमधे सापडतो. टेप आणि तबकडीच्या वेगात फरक पडलेला असतो, इंटरनेटवर तर लोक मुद्दाम वेग बदलून टाकतात. त्या अधल्यामधल्या सुराला कीबोर्ड मिळवत बसू नका. खालची पट्टी धरा, उतरवून घ्या, मग ठरलेल्या चारांपैकी जवळच्या पट्टीत न्या. लय मात्र मूळचीच ठेवा. १५ सेकंदांत पडणारे ठोके मोजा, चारने गुणा, आकडा कागदावर लिहा आणि ऑक्टोपॅडवाल्यानं प्रत्येक गाण्याआधी मेट्रोनोमवर तेवढा ठोका कानात ऐकून मगच मोजणी द्यावी. रंगमंचावर सगळ्यांचे हात आपोआप पळतात.

सगळ्यांचा मूळ सूर हार्मोनियमवरून धरा, कारण तिचे सूर ऐनवेळी हलवता येत नाहीत. ट्यूनरनं तिचा मध्य सप्तकातला पांढरी सहा मोजा. ४४० हर्ट्‌झऐवजी ४४२ दाखवला तर दोन्ही कीबोर्डच्या मास्टर ट्यूनमध्ये तोच आकडा घाला. ४४५ च्या वर असेल तर ती हार्मोनियम या कार्यक्रमातून बाजूला ठेवा, क्लॅरिनेट तिथवर चढत नाही. क्लॅरिनेट थंड असताना उतरतं, गरम झाल्यावर चढतं, म्हणून दहा मिनिटं फुंकून मगच मिळवा. चढलं तर बॅरल (मुखाखालचा छोटा जोड) मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर ओढा.

पिसांकडे वळू. ‘आवारा हूँ’च्या सुरुवातीला अ‍ॅकॉर्डियन आहे. अ‍ॅकॉर्डियनवाला मिळाला तर त्याला गाडीभाडं देऊन आणा. नाही मिळाला तर कीबोर्डवर म्युझेटसारखा (किंचित थरथरत्या अ‍ॅकॉर्डियनचा) पॅच, म्हणजे तयार आवाज, घ्या, हार्मोनियमचा नको. फरक भात्यात आहे: अ‍ॅकॉर्डियनचा सूर दाबल्यावर फुगतो आणि सोडण्याआधी ओसरतो. ते कीबोर्डवर आणायचं तर पायाखाली व्हॉल्यूम पेडल हवं आणि प्रत्येक ओळीला श्वासासारखं ते उघड-मीट करायला हवं. डावा हात कीबोर्डवर ठेवूच नका, कॉर्डचं काम दुसऱ्या कीबोर्डचं.

‘तेरे मेरे बीच में’च्या व्हायोलिनना मूळ रेकॉर्डवर सबंध तांडा होता, तुमच्याकडे दोन आहेत. दोघांना एकच सूर वाजवायला लावलंत तर केसभर फरकही कानाला टोचतो. दोनपेक्षा एक व्हायोलिन बरं लागतं. म्हणून एकाला चाल द्या, दुसऱ्याला तीच खालच्या सप्तकात, आणि कीबोर्डचे स्ट्रिंग्ज एकट्या चालीच्या मागे हलके ठेवा. पॅच निवडताना सूर दाबल्याबरोबर उमटतो का ते बघा. संथ, फुलत येणारा पॅच त्या झपझप पळणाऱ्या ओळीत प्रत्येक सुराला उशीर करतो, आणि सगळे व्हायोलिनवाल्यांना दोष देतात. रिव्हर्ब जवळजवळ शून्य.

भैरवीच्या गाण्यांत कीबोर्डवाला हमखास एक चूक करतो. पांढरी एकची भैरवी म्हटली की सी मायनर धरतो, हे बरोबर. परतायची वेळ आली की सवयीनं जी मेजर दाबतो. त्या कॉर्डमध्ये शुद्ध नी आणि शुद्ध रे दोन्ही येतात, आणि गायक गातोय कोमल नी, कोमल रे. मूळ रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येत असेल तिथंच जी मेजर घ्या. शंकर-जयकिशन बिनदिक्कत शुद्ध स्वर मिसळतात. एरवी डी फ्लॅट मेजर किंवा बी फ्लॅट मायनरवरून सी मायनरवर या. भैरवीचे सात स्वर आणि अरबी संगीतातल्या कुर्द मकामाचे (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी सुरावट) स्वर जवळजवळ तेच आहेत, त्यामुळे ताश्कंदपासून अथेन्सपर्यंतच्या कानाला ही सुरावट परकी वाटत नाही. एवढ्या एका कारणानं गाणी चालली असं मी म्हणणार नाही, चित्रपट पोचले म्हणून गाणी पोचली. पण त्या कानांसमोर जी मेजर चुकीच्या जागी पडला तर त्यांनाही ते कळतं.

आता ढोलकी. आपल्या सांगली-साताऱ्याकडचा ढोलकीवाला तमाशा-लावणीत तयार झालेला असतो आणि हात त्याचा कुणापेक्षा कमी नसतो. अडचण उलटी आहे. त्याची ढोलकी उंच सुरात ताणलेली, शाईवर टणत्कारणारी. मुखडा संपला की तोडा टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ‘मेरा जूता है जापानी’ला तो हात पडला की लावणी सुरू झाल्यासारखं वाटतं. हिंदी गाण्यातला ढोलक खाली मिळवलेला, गोल आवाजाचा असतो. ढोलक मिळत नसेल तर ढोलकी दीड-दोन सूर उतरवा, केरवा सरळ आठ मात्रांचा ठेवा, आणि तोडे फक्त पिसाच्या तोंडाशी, तेही एका बारचे. शंकर-जयकिशनचे सहायक दत्ताराम यांचा ढोलकवरचा ठेका आजही ‘दत्तू ठेका’ म्हणून ओळखला जातो. तो ऐकून घ्या, त्यात किती कमी वाजवलंय ते बघा. या सगळ्याची भरपाई म्हणून ‘छैया छैया’त त्याला मोकळं सोडा.

इंडोनेशियन पाहुण्यांचा कान तालवाद्याच्या डाव्या अंगाकडे असतो. त्यांचा डांगडूट हा लोकप्रिय प्रकार हिंदी चित्रपटगीतांच्या प्रभावातून घडला आणि त्यात डग्ग्यासारखा घिस्सा (तळहात घासून सूर वळवणं) देणारा मोठा ठोका सतत वाजतो. आपल्याकडे डग्गा बहुधा ऐकूच येत नाही, कारण एकाच माइकमध्ये दायाँ-बायाँ दोन्ही उरकतात आणि साउंडवाला सवयीनं लो कट (खालचे जाड सूर गाळणारं बटण) लावून ठेवतो. डग्ग्याला स्वतंत्र माइक द्या, चामड्यापासून चार-सहा बोटं वर, आणि त्या चॅनेलचा लो कट काढायला सांगा. ‘कुछ कुछ होता है’त घिस्सा नीट ऐकू आला की पुढच्या रांगेतल्या माना हलतात की नाही ते बघा.

‘छैया छैया’ आणि ‘जय हो’ला सिक्वेन्स, म्हणजे आधी भरून ठेवलेला वाद्यांचा ट्रॅक, लागेल. तो लावला की पट्टी आणि लय दोन्ही पक्की झाली, मग गायकाला ऐनवेळी ‘अर्धा सूर खाली घ्या’ म्हणायची सोय राहत नाही, तालमीतच ठरवा. क्लिक (लयीचा टिकटिक ठोका) ऑक्टोपॅडवाल्याच्या हेडफोनमध्ये, बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. भावे नाट्यमंदिरासारख्या बंद सभागृहात हे जमतं. कॉलेजच्या मैदानावर मांडव असेल तर मागून येणारा प्रतिध्वनी ठेका मागे ओढतो, तिथं ढोलकीवाल्यालाही हेडफोन द्या.

निवेदन दोन वाक्यांत. साल, चित्रपट, आणि पाहुण्यांच्या देशाशी त्या गाण्याचं नातं. शब्दांचा अर्थ सांगत बसू नका. गाऊन घ्यायचं असेल तर मुखड्याचा शेवटचा तुकडा तेवढा शिकवा आणि तो तार षड्जाच्या वर जाणार नाही असं बघा. श्रोत्यांचा आवाज तिथं फाटतो आणि मग ते गप्प होतात.

परवान्याचं संयोजकांना आधी विचारा. प्रेक्षागृहात गाणी वाजवून गाण्यासाठी गीत आणि संगीताच्या हक्कांची परवानगी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडून घ्यावी लागते, रेकॉर्ड किंवा कराओके ट्रॅक लावलात तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे. शैक्षणिक संस्थेच्या आतल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे, पण ती श्रोते कोण यावर ठरते, आणि इथं बाहेरचे पाहुणे आहेत.

वन्स मोअर ‘आवारा हूँ’ला येईल असं धरून चाला. तेव्हा सबंध गाणं पुन्हा घेऊ नका: सुरुवातीचं अ‍ॅकॉर्डियन पूर्ण, मुखडा दोनदा, दुसऱ्या वेळी वाद्यं बंद आणि फक्त ढोलकी-टाळ्या, मग एकदम कट. हे ढोलकीवाल्याला आणि बासवाल्याला तालमीतच सांगून ठेवा, नाहीतर ते दोघं अंतऱ्यात शिरतील आणि बाकीचे थांबलेले असतील.